‘आपल्याच माणसावर केस कशाला?’

आमच्या जेऊरमध्ये कुणाकडे लग्न निघाले की चार-पाच गाड्या भरून जातात. गाडी कधी मामेभावाची, कधी शेजाऱ्याची. २०२३ मध्ये अशाच एका गाडीतून माझी फुपी लग्नाहून परतत होती. टेंभुर्णीजवळ चालवणाऱ्याला डुलकी लागली आणि गाडी दुभाजकावर आदळली. चालवणारा तिच्या दिराचा मुलगा. बाकीच्यांचे खरचटण्यावर निभावले. फुपीच्या मांडीचे हाड मोडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, काय झाले? बरोबरच्यांनी सांगितले, “घरात पाय घसरला.” खरे सांगितले असते तर पोलिसांना कळवावे लागले असते. रात्री घरात बैठक बसली. “अपनाच बच्चा है, उसपे केस कायको?” एक बुजुर्ग म्हणाले, तकदीर. घरात कॉलेज शिकलेला मी एकटाच होतो. मीही मान डोलावली.

त्या मान डोलावण्याची किंमत मी भरली नाही, फुपीने भरली. मांडीत रॉड बसला आणि पायाने चालवायची शिलाई मशीन बंद झाली. बांगड्या विकल्या. बारावीतली मुलगी घर सांभाळायला थांबली, ती परत कॉलेजला गेली नाही. वर्षभराने ती गाडी विकायला काढली, तेव्हा कागदपत्रांत विम्याची पॉलिसी निघाली. पॅकेज पॉलिसी, अपघाताच्या दिवशी चालू असलेली. म्हणजे गाडीत बसलेल्यांची जोखीम विमा कंपनीवर होती. पण आमच्याकडे ना एफआयआर होता, ना खरा दवाखान्याचा कागद.

मित्रांनो, ‘आपल्या माणसावर केस’ ही भीती अर्धवट माहितीतून येते. पोलिसांची फौजदारी केस वेगळी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातला भरपाईचा दावा वेगळा. एफआयआर झाला की चालवणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते, हे खरे आहे. ते मी लपवत नाही. पण लायसन्स आणि पॅकेज पॉलिसी नीट असेल तर भरपाई विमा कंपनी देते, पुतण्याच्या खिशातून ती जात नाही. नाते वाचवायचे म्हणून आपण विमा कंपनीचे पैसे वाचवले. वर त्याच पुतण्याला आयुष्यभर फुपीच्या नजरेला नजर देता येत नाही. यात नाते कुठे वाचले?

दुसरा युक्तिवाद तकदीरचा. अपघात तकदीर मानला, तरी दवाखान्याचे बिल तकदीर भरत नाही. तिसरा, असा पैसा घेणे बरे नाही. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, असू देत. पण जखमीची भरपाई ही आपल्याला परकी कल्पना आहे का? चुकून कुणाचा जीव गेला तर त्याच्या घरच्यांना दियत द्यावी, हे कुरआनातच सांगितले आहे. नुकसान भरून घेणे म्हणजे हाव नव्हे.

चौथी गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही: बाईच तर आहे, ती कुठे कमावते? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात गृहिणीच्या कामाचे मोल भरपाईत धरलेच पाहिजे असे सांगितले. न्यायालयाला जे दिसले ते आमच्या बैठकीला दिसले नाही.

सरकारलाही सोडू नका. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करण्याची अट लागू झाली. मांडीत रॉड असलेल्या माणसाचे सहा महिने खाटेवरच जातात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

अपघात झाला तर दवाखान्यात खरे सांगा. एफआयआरची प्रत, गाडीचा नंबर, पॉलिसीचा फोटो आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार आहेत, ते मागा. चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात. मात्र ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. बाईला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.

आणि गाडीवाल्या भावांनो, फक्त थर्ड पार्टी विमा काढून घरच्यांना गाडीत बसवू नका. खासगी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी त्या स्वस्त पॉलिसीत येत नाही. ती तुमच्यावर पडते. वडाप करायची असेल तर तसा परवाना आणि तसा विमा काढा.

पुढच्या वेळी घरात अशी बैठक बसेल, तेव्हा शिकलेल्याने मान डोलावू नये. आधी पॉलिसी कुठे आहे ते विचारावे. मी विचारले नाही. फुपीची मशीन अजून कोपऱ्यात झाकलेली आहे.