औषध आले, उपचार कोण देणार?

मधुमेहासाठी निघालेले आणि पुढे वजन घटविण्यासाठी प्रसिद्धीस आलेले सेमाग्लुटाइड हे औषध दारूची ओढही कमी करते, असे दिसू लागल्यापासून वैद्यकीय जगात बरीच हालचाल सुरू झाली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 48 माणसे, नऊ आठवडे आणि आठवड्याला एक इंजेक्शन, एवढाच तिचा विस्तार. ही माणसे उपचार मागायला आलेली नव्हती. ज्यांना औषध मिळाले त्यांची तल्लफ उतरली आणि एका बैठकीत पोटात जाणारी दारू घटली. पिण्याचे दिवस मात्र फारसे कमी झाले नाहीत. एवढ्या लहान चाचणीवरून 'व्यसनावर रामबाण' असे मथळे देणे हा उतावीळपणा झाला. दारू सोडविण्यासाठी या औषधाला मान्यता नाही, ही गोष्ट त्या मथळ्यांखाली सहसा छापली जात नाही.

तरीही या संशोधनाचे मोल कमी लेखता येणार नाही. भूक आणि व्यसन यांची मुळे मेंदूतील एकाच यंत्रणेत गुंतलेली आहेत, ही कल्पना त्यामुळे बळकट झाली आहे. अनावर होऊन, लाज वाटत असताना, पोट दुखेपर्यंत खात राहणे याला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला आणि 2015 मध्ये तेथे त्यावर एक औषधही मंजूर झाले. आपल्याकडे अशा माणसाला 'खादाड' हा एकच शब्द आहे, जसा पिणाऱ्याला 'बेवडा'. चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेणारा समाज उपवासाला मान देतो. ज्याच्याने खाणे आवरत नाही, किंवा जिच्या घशाखाली घासच उतरत नाही, त्यांच्या वाट्याला मात्र उपदेश येतो. वस्तुतः अन्न नाकारण्याचा विकार हा मानसिक आजारांतील सर्वाधिक जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. भूक मारणारे इंजेक्शन अशा रुग्णाच्या हाती पडणे किती धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

हाच धोका दारूच्या बाबतीतही आहे. डेन्मार्कमध्ये याच जातीच्या दुसऱ्या एका औषधाची 127 रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. एकंदरीत फरक पडला नाही. लठ्ठ रुग्णांचे अतिमद्यपानाचे दिवस घटले, सडपातळ रुग्णांचे उलट वाढले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील, डोंगर चढून-उतरून वाळलेला शेतमजूर यांपैकी कोणत्या गटात बसतो, याचा विचार या औषधाचे गुणगान करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. शिवाय किमतीचा प्रश्न आहेच. जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडचे वजन घटविणारे रूप भारतात आले, तेव्हा महिन्याचा खर्च सतरा हजार रुपयांच्या वर होता. मार्च 2026 ही येथील पेटंटाची अखेर. देशी कंपन्यांमुळे भाव उतरणे क्रमप्राप्त आहे. पण औषध स्वस्त झाले म्हणजे उपचार मिळाला, असे होत नाही. दारूची तल्लफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनला अमेरिकेत 1994 मध्येच मान्यता मिळाली. ते आज महाग नाही, तरी किती खेड्यांत त्याचे नाव माहीत आहे?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची देशव्यापी पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळाल्याचे, आणि दाखल होऊन उपचार घेणारा 180 मध्ये एक असल्याचे तीत आढळले. पुण्यातील मुक्तांगणने 1986 पासून केलेले काम मोठे आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. परंतु अशा केंद्रात महिनाभर राहायचे, तर नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटो तोडणाऱ्या मजुराचा महिन्याचा रोज बुडतो. केंद्राची फी माफ झाली तरी हा बुडीत रोज कोणी माफ करीत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने उपचाराची खरी किंमत ती आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या इंजेक्शनपेक्षा शेजारच्या गोव्यातील एका प्रयोगाकडे अधिक लक्ष जायला हवे होते. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर तो झाला. डॉक्टर नसलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्रत्येकाशी एक ते चार वेळा अर्धा-पाऊण तास बोलायचे, एवढेच त्याचे स्वरूप. 2017 मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांपैकी 26 टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. पूर्ण आहारी गेलेल्यांसाठी ही पद्धत नव्हे, हे खरे. त्यांना रुग्णालयच हवे. पण त्या टोकाला पोचण्याआधीची माणसे संख्येने कितीतरी अधिक असतात, आणि त्यांच्यासाठी कोणाचाही रोज न बुडविता गावाजवळ चालणारा उपाय सिद्ध झाला आहे.

पैसा नाही, ही सबब येथे चालण्यासारखी नाही. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढविले. त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा सरकारचाच अंदाज होता. मद्याचा महसूल एका खात्यात जमा होतो आणि मद्यपीचे दुखणे दुसऱ्याच्या दारात येऊन पडते. या दोन खात्यांमध्ये हिशेबाचा धागा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्कही दिला. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एकेक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा, आणि गंभीर रुग्णासाठी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात काही खाटा व जुनी, स्वस्त औषधे ठेवायची, तर लागणारी रक्कम त्या वाढीव शुल्कापुढे इतकी किरकोळ ठरेल की अंदाजपत्रकात तिच्यासाठी वेगळी ओळ घालायलाही अर्थखात्याला संकोच वाटावा. ती ओळ आरोग्य खात्याने मागायची की उत्पादन शुल्क खात्याने द्यायची, एवढाच निर्णय बाकी आहे.