नंबर कुणाचा?

परवा कांजूरमार्गच्या आमच्या बचत गटात एक मैत्रीण हिरमुसून आली. पन्नास पुरणपोळ्यांची ऑर्डर हुकली होती. निरोप आला होता व्हॉट्सअॅपवर, पण मुलाच्या फोनवर. आणि तो गेलेला क्लासला! पोळ्या हिच्या, मेहनत हिची, नंबर मात्र दुसऱ्याचा.

मला प्रेमाताई पुरव आठवल्या. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या आपापल्या चुलीपाशी एकेकट्या राबत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताईंनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हाताला चव आधीपासून होतीच. कमी होती ती ओळखीची नि एकजुटीची.

आज हे काम मोबाइलवरही होऊ शकतं. मैत्रिणींनो, नुसते फोटो टाकून गिऱ्हाइकाची वाट बघू नका. आपल्याच धंद्यातल्या बायकांचा ग्रुप करा. मोठी ऑर्डर वाटून घ्या, अडल्यानडल्याला एकमेकींना हाक मारा. २०१८ पासून व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट मिळतं. त्यात पदार्थांची यादी दरासकट लावता येते. अन्नसुरक्षा नोंदणी करून तिचा क्रमांकही तिथे लिहा, विश्वास बसतो.

‘घरात फोन एकच, मग काय करायचं?’ असं तुम्ही विचाराल. अडचण खरी आहे. पण पहिल्या कमाईतून आपण मोठं पातेलं घेतोच ना? तसाच एक साधा फोन घ्या, सिमकार्ड स्वतःच्या नावावर. चव आपली, मग नावही आपलंच नको का?