तुमचा गेको लहान का? दोष वाटीचा की वंशाचा?

पाल म्हटलं की आपल्यातले निम्मे जण झाडू शोधायला धावतात. पण माझा नऊ वर्षांचा भाचा न्यू जर्सीत चक्क एक पाळतो. तो आहे लेपर्ड गेको. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, उघडझाप करणाऱ्या पापण्या, आणि आपल्या घरातल्या पालीसारखा हा भिंतीवर चढत नाही. नाव ठेवलंय लाडू.

काही महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा पडलेला. "आत्या, माझ्या मित्राचा गेको ९५ ग्रॅमचा आहे आणि लाडू फक्त ५८! मी त्याला कमी खायला देतो का?"

हा प्रश्न कुठे तरी ऐकल्यासारखा वाटतोय ना? "शेजारच्यांचं बाळ बघ कसं गुटगुटीत आहे!" तसलंच हे.

आधी वंश पाहा

लेपर्ड गेकोचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम ३ ग्रॅमचं असतं. साधारण दीड वर्षात त्याची बहुतेक वाढ पूर्ण होते. पूर्ण वाढलेली मादी सहसा ४५ ते ६५ ग्रॅम भरते, तर नर ६० ते ८० ग्रॅम. म्हणजे नर-मादीतच एवढा फरक. आणि लाडू? तो 'तो' नाहीच, ती मादी आहे!

गंमत म्हणजे यांचं लिंग अंडं किती उबेत ठेवलंय यावर ठरतं. सुमारे २६ अंश सेल्सिअसला बहुतेक माद्या होतात, ३२-३३ अंशांच्या आसपास नर जास्त.

शिवाय 'जायंट' नावाचा एक वंशच आहे. अमेरिकेतल्या रॉन ट्रेम्पर या प्रजननतज्ज्ञाने मोठ्या अंगाचे गेको निवडून तो वाढवला. त्यातले नर ८० ग्रॅमच्या पुढे सहज जातात, काही तर शंभरी ओलांडतात. भाच्याच्या मित्राचा गेको याच वंशातला नर निघाला. मग तुलना कशाची करायची?

मग आहाराचं काय काम?

वंश कमाल मर्यादा ठरवतो, आणि तिथपर्यंत पोचवतो तो आहार. पिल्लाला पुरेसं खाणं मिळालं नाही, तर मोठ्या वंशातलं असूनही ते खुरटतं. पण उलटं होत नाही. कितीही खायला घाला, लहान चणीचा गेको जायंट होत नाही.

माझ्या भाच्याने नेमकं तेच करून पाहिलं. आईच्या नकळत रोज दोन-तीन जास्तीच्या मेणअळ्या. या अळ्यांत चरबी भरपूर, आणि गेकोला त्या आपल्या मुलांना चॉकलेट आवडावं तशा आवडतात. दोन महिन्यांत लाडूचं वजन ६६ ग्रॅम झालं. लांबी मात्र तेवढीच! शेपूट मानेपेक्षा जाड झालं आणि काखेत फुगवटे आले. डॉक्टरांनी सांगितलं, ही वाढ नाही, ही चरबी आहे. गेको शेपटीत चरबी साठवतो, पण ती फार झाली की यकृतावर ताण येतो.

घरात गेको असेल तर हे लक्षात ठेवा

• पिल्लाला रोज, मोठ्या गेकोला दोन-तीन दिवसांनी खायला द्या. रातकिडे, मीलवर्म चालतात. मेणअळी क्वचितच, खाऊ म्हणून.
• किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.
• किड्यांना आदल्या दिवशी भाज्या खायला घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं तर हाडं मऊ होतात, वाढ खुंटते.
• पेटीची एक बाजू ३२ अंशांच्या आसपास उबदार हवी. ऊब नसेल तर खाल्लेलं पचत नाही.
• स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन सतत घटत असेल तर थांबू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि हो, हे वाचून रानातली पाल पकडून आणू नका! सातपुड्यात आपला स्वतःचा लेपर्ड गेको आहे, २०१४ मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. तो रानातच शोभतो, आणि रानातले प्राणी पकडण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधनंही आहेत.

लाडूच्या मेणअळ्या आता बंद आहेत. परवा कॉलवर भाचा वही दाखवत म्हणाला, "आत्या, ६१!" पहिल्यांदाच तो आकडा कमी झाल्यावर हसला. मग हळूच विचारलं, "माझी उंची पण बाबांसारखीच राहणार का गं?"

मी म्हटलं, "ते वेळच ठरवेल. तू फक्त भाजी संपव."