हातावर काही उठलं नाही, म्हणून निर्धास्त राहू नका!

मेहकर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "दीड महिन्यापूर्वी यजमानांना फुफ्फुसाचा क्षय निघाला. औषध सुरू आहे. आमच्या चार वर्षांच्या मुलीला वीस दिवसांपासून खोकला आहे, वजन वाढत नाही, शौचातून जंत पडतात. तिच्या हाताला टोचून पाहिलं, तर काहीच उठलं नाही. दंडावर बी.सी.जी.ची खूणही आहे. सासूबाई म्हणतात, हा जंतांचा खोकला, दवाखान्याच्या चकरा पुरे झाल्या. काय करू?"

ताई, चकरा थांबवू नका.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शेतात अनवाणी फिरताना आकडेकृमीची पिल्लं तळव्यातून अंगात शिरतात. न धुतलेल्या हातांतून, भाजीतून गोल जंतांची अंडी पोटात जातात. दोघांचीही पिल्लं आतड्यात मुक्काम करण्याआधी फुफ्फुसांतून फिरून येतात, तेव्हा काही दिवस खोकला येऊ शकतो. पण घरात क्षयरोगी असताना दोन आठवड्यांवर गेलेला खोकला जंतांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

आता हाताच्या चाचणीचं. ती क्षयजंतू शोधत नाही. शरीर त्यांना ओळखून उठतं का, एवढंच पाहते. आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीत सगळी माणसं गुंतली, की कापूस वेचायला कोणी मिळत नाही ना? तसंच हे. जंत बरेच दिवस पोटात राहिले, की शरीराचा जोर त्यांच्याकडे वळतो आणि क्षयजंतूंशी लढणारी बाजू कमी पडते. कुपोषणानेही असंच होतं. म्हणून क्षयजंतू अंगात असूनही हात कोरा राहू शकतो.

बी.सी.जी. लहान मुलांना मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून बरंच वाचवते. फुफ्फुसाच्या क्षयाची मात्र हमी देत नाही. जंतांचा इथेही संबंध दिसतो. इथिओपियात जंत असलेल्या मोठ्या माणसांना आधी जंतांचं औषध देऊन मग बी.सी.जी. टोचली, तेव्हा शरीराने लसीला जास्त चांगली साथ दिली.

तेव्हा एवढं करा :

१) डॉक्टरांना यजमानांचा आजार, मुलीचा खोकला, वजन आणि जंत, सारं सांगा. छातीचा एक्स-रे काढतील. लहान मुलं बेडका गिळतात, म्हणून सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातला रस काढून तपासतात. घाबरू नका.

२) क्षय नाही असं ठरलं, तरी प्रतिबंधक औषधाचं विचारा. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या.

३) २०१५ पासून फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत जंतांची गोळी मोफत मिळते. १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी, चुरून पाण्यातून. त्यापुढे १९ वर्षांपर्यंत पूर्ण; ३ वर्षांपर्यंत चुरून पाण्यातून, त्यानंतर चावून. तुमची मुलगी आजारी आहे, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

४) पायात चप्पल, कापलेली नखं, जेवणाआधी साबणाने हात. शौचाला संडासातच.

जंतांची गोळी जंतांसाठी. तिने क्षय बरा होत नाही. या खेपेला सासूबाईंनाही सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्याही कानावर पडेल. आणि तपासणीत काय निघालं, ते जरूर कळवा.