वाघाची नोंद आहे, पोरीची नाही

मोहर्लीच्या गेटवर ओळखपत्र दाखवल्याशिवाय पर्यटक आत जात नाही. कोणत्या जिप्सीत कोण बसलं, सगळं लिहिलेलं असतं. २०२३ मध्ये माया वाघीण दिसेनाशी झाली, तर जंगल पिंजून काढलं, सापडलेल्या हाडांची डीएनए तपासणी केली. करायलाच पाहिजे होती.

पण याच जिल्ह्यातून दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात गाड्या भरून माणसं जातात. मजुरीला जाणं गुन्हा नाही. पण गाडीत अठराच्या आतली पोरं-पोरी किती, ठेकेदार कोण, परत किती आले? आपापल्या ग्रामपंचायतीत विचारून पहा, अशी वही कोणाकडे आहे?

"याचा अन् नक्षलवादाचा काय संबंध? कायले जोडता?" असं काही जण म्हणतील. संबंध आहे. ज्या पोराचा शोध कोणी घेत नाही, ते दलालालाही सोपं आणि बंदूकवाल्यालाही. आयसिसनं यझिदी बायका-पोरी विकल्या, तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २३३१ करून मानवी तस्करी आणि दहशतवाद यांचं नातं मान्य केलं. आपल्याकडे २०१९ पासून मानवी तस्करीचा तपासही एनआयए करू शकते. दिल्लीला जे कळलं, ते गल्लीत कधी कळणार?

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत भूपती साठ साथीदारांसह शरण आला. बंदुका मोजल्या, फोटो निघाले. चांगलंच झालं. पण शरण येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: दलममध्ये गेलास तेव्हा तुझं वय किती होतं, आणि नेलं कोणी? बंदी असलेल्या संघटनेनं अल्पवयीन पोराला भरती केलं, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. "स्वतःच्या मर्जीनं गेला" हे उत्तर बारा-तेरा वर्षांच्या लेकराबाबत चालत नाही. पोराला जंगलात नेणारा माणूस क्रांतिकारक नाही, तस्करच आहे.

मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. तरी आपण म्हणतो, "पळून गेली असेल, येईल." आधी हे वाक्य बंद करा. बदनामीच्या भीतीनं तक्रार दाबणारा बाप आणि त्याला गप्प बसवणारा गावपुढारी, दोघंही दलालाचंच काम सोपं करतात.

येत्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या: गाडी गावातून हलायच्या आधी ठेकेदाराचं नाव, फोन, गाडी नंबर, कामाचं ठिकाण आणि प्रत्येकाचं वय वहीत लिहायचं. अठराच्या आतलं कोणी एकटं जाणार नाही. हंगाम संपला की तीच वही उघडून माणसं मोजायची.

शंभर पानी वहीला पैसे किती लागतात? पर्यटकांसाठी जमतं, तर आपल्या लेकरांसाठी का जमू नये?