पिस्तुलाची निवड

अमेरिकेत नित्य जवळ बाळगावयास पिस्तूल कोणते घ्यावे, यावर वाद घालणारे पंडित उदंड आहेत. ग्लॉक १९ मध्ये १५ काडतुसे मावतात; २०१८ साली निघालेले सिग सावरचे पी ३६५ सदऱ्याखाली दिसतही नाही, तरी त्यात १० मावतात! आमचा आक्षेप या गणितास नाही. त्यातून गाळलेल्या रकमेविषयी आहे. २०२२ साली त्या देशात बंदुकीने झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे चोरापेक्षा धन्याची स्वतःचीच विषण्ण रात्र अधिक घातक. कोणी म्हणेल, मरू पाहणाऱ्यास साधनांची काय वानवा? वानवा नसेल, परंतु इतर बहुतेक मार्गांत वाचण्यास व पश्चात्तापास अवकाश राहतो, गोळी तो क्वचितच देते. मग पिस्तुलाच्या पेटीची किल्ली घरात कोणाजवळ राहावी, हा प्रश्न या पंडितांच्या चर्चेत कोठे आहे?