ओलं फडकं, कोरडं फडकं

दोस्तांनो, परीक्षा संपली की महाड-पोलादपूरकडच्या गडांचे बेत सुरू होतात. कुणी म्हणतं रायगड, कुणी मंगळगड, तर कुणी ढवळे गावातून चंद्रगड. सॅक भरताना प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच : पाणी गार कसं राहील आणि डबा कसा टिकेल?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बाहेरची उष्णता आत शिरते, म्हणून पाणी तापतं. तेव्हा आपली कामं दोन : उष्णता आत शिरू द्यायची नाही आणि शिरलीच तर तिला बाहेर काढायची.

पहिलं काम कोरड्या फडक्याचं. आदल्या रात्री प्लॅस्टिकची एक बाटली फ्रीजरमध्ये ठेवा. पण ती पाऊणच भरा हं! पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो. काठोकाठ भरलेली बाटली तडकते. निघताना ती वर्तमानपत्रात आणि मग जाड टॉवेलात गुंडाळून सॅकच्या मधोमध ठेवा. कागदात, कापडात अडकलेली हवा उष्णतेला अडवते. बर्फाच्या लादीवर लाकडाचा भुसा घालतात, तोही याचसाठी. टॉवेल भिजला की बदला, कारण ओल्या कापडातून उष्णता भराभर आत जाते.

दुसरं काम ओल्या फडक्याचं. ते साध्या पाण्याच्या बाटलीसाठी. माठ काय करतो? त्यातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही सगळी उष्णता बाटलीतूनच गेली, तर अवघं १० ग्रॅम पाणी उडून लिटरभर पाणी जवळजवळ ६ अंशांनी उतरेल! प्रत्यक्षात थोडं कमी, कारण हवाही बाटलीला उष्णता देत असते. बाटलीवर ओला सुती मोजा चढवा आणि विसावा घ्याल तिथे ती सावलीत, वाऱ्यावर टांगा.

पण कोकणची हवा दमट. खाली महाडात वारा पडला की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, मग मोजा कसा वाळणार? सुमारे ८२० मीटर उंच रायगडावर वारा सुटला की युक्ती चांगली चालते. पावसाळ्यात तिचा भरवसा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी कोमट झालं म्हणून बिघडत नाही, डबा मात्र बिघडतो. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. ओलं फडकं त्यांना रोखू शकत नाही आणि वासावरूनही ते कळतंच असं नाही. भर उन्हात, अर्ध्या वाटेवर उलट्या-जुलाब सुरू झाले तर अंगातलं पाणी जातं आणि दवाखाना राहतो खाली! म्हणून दहीभात, दूध, ओल्या खोबऱ्याची चटणी, माशांचं कालवण घरीच बरं. सोबत घ्या भाकरी, सुक्या खोबऱ्याची चटणी, कांदा, चिवडा, गूळ-शेंगदाणे. छोट्या बाटलीत कोकमचं आगळ घ्या. वर गेल्यावर पाणी घातलं की सरबत तयार.

करून पाहा : दोन सारख्या बाटल्यांत सारखंच पाणी भरा. एकीला ओलं फडकं गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. तासाभराने शाळेतल्या तापमापकाने दोन्ही मोजा. एकदा वाऱ्यावर, एकदा बंद खोलीत. आकडे वहीत लिहा आणि मगच सॅक भरा!